ख्रिस्ती ग्रामसाधना, मगनवाडी
वर्ध्याच्या मगनवाडीत अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा (१८९२–१९६०) यांनी येशूच्या शिकवणीला दिलेले रोजच्या कामाचे रूप.

तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबातले कुमारप्पा लंडनला शिकलेले हिशेबतपासनीस. मुंबईतली पेढी सोडून ते गांधीजींकडे आले. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची (पहा : ग्रामोद्योग) धुरा त्यांच्याकडे आली.

श्रद्धा इथे उतरली ती वस्तूंत : बैलघाणीचे तेल, हातसडीचा तांदूळ, हातकागद, आणि रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप. येशूच्या आचारविचारांवरचे पुस्तक त्यांनी तुरुंगात लिहिले. १९४५ च्या त्या पुस्तकाला प्रस्तावना गांधीजींची.

शेजारच्या सेवाग्रामात नयी तालीम (पहा : मूलोद्योग शिक्षण) चालवणारे ई. डब्ल्यू. आर्यनायकम् हेही ख्रिस्तीच, मूळचे श्रीलंकेचे.