दारावर कोण उभे आहे?

मंडळी, माणूस तोंड उघडण्याआधीच त्याचे कपडे बोलून जातात. जोतीराव फुल्यांनी हे फार नेमके ओळखले होते.

गोष्ट २ मार्च १८८८ ची. व्हिक्टोरिया राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकरांनी पुण्यात मेजवानी ठेवली होती. निमंत्रित मंडळी उंची कपडे, दागदागिने घालून आलेली. जोतीराव आले ते शेतकऱ्याच्या वेषात, खांद्यावर घोंगडी टाकून! दारावरच्या माणसांनी त्यांना अडवले. यजमान स्वतः पुढे आले तेव्हा कुठे आत जाता आले, असे सांगतात.

जोतीरावांना बऱ्या कपड्यांची वानवा नव्हती बरे का. त्यांनी ठेकेदारी केली होती, १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे ते सभासद होते. म्हणजे हा वेष मुद्दाम निवडलेला. भाषणात त्यांनी ड्यूकसाहेबांना सांगितले ते साधारण असे, की या श्रीमंती थाटावरून हिंदुस्थानची पारख करू नका. खरी प्रजा खेड्यात आहे, तिच्या शिक्षणाचे पाहा, हे आपल्या मातोश्रींना कळवा.

पाहुण्याच्या मनात देशाचे जे पहिले चित्र उमटणार होते, तेच जोतीरावांना बदलायचे होते. १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये जे लिहिले, ते इथे ते अंगावर घालून आले. आणि दारावर अडवले गेले, तिथेच त्यांचे म्हणणे सिद्ध झाले. ज्याच्या कष्टावर पंगत, त्यालाच दार बंद.

हा प्रसंग मी वर्गात कितीतरी वर्षे रंगवून सांगितला. एकदा असाच तास संपवून बाहेर आलो, तर व्हरांड्यात दोघेजण माझी वाट पाहत होते. इस्त्रीच्या शर्टातल्या गृहस्थांना मी "या, बसा" म्हणून खुर्ची दिली. मळक्या धोतरातल्या म्हाताऱ्याला म्हटले, "जरा थांबा हो बाबा." खरे तर तेच आधी आले होते. अर्धा तास ते उभेच राहिले. नातवाची फी भरायला आले होते, पैसे रुमालाच्या गाठीत बांधून. तक्रार काही केली नाही. उलट जाताना मलाच हात जोडले.

तो नमस्कार अजून बोचतो. पुण्याच्या त्या दारवानाला मी इतकी वर्षे नावे ठेवत आलो. त्या दिवशी दारावर मीच उभा होतो.

असो.