पश्चिम विभागाचा आठवडा

गणपतीच्या मांडवात रात्रीची आरती झाली, प्रसाद वाटून झाला, की आपल्याकडे गप्पांचा फड जमतो आणि त्यात क्रिकेट निघाल्यावाचून राहत नाही. अशाच एका रात्री मंडळातल्या एका कॉलेजात जाणाऱ्या मुलाने विचारले, "काका, गुजरात आणि महाराष्ट्राची मॅच असेल तर आपण कोणाकडून?" फडातले सगळे एकदम बोलू लागले आणि दोन मिनिटांत चार उत्तरे झाली. त्या रात्री आम्हाला धड काही सांगता आले नाही. हा लेख म्हणजे उशिरा सुचलेले उत्तर आहे.

उधन्यातल्या आपल्या बहुतेक घरांची मुळे खानदेशात. जळगाव, धुळे, नंदुरबार हे जिल्हे क्रिकेटच्या नकाशावर महाराष्ट्र संघात मोडतात, म्हणजे ज्याचे मुख्य ठाणे पुणे. आपण राहतो ते सुरत गुजरात संघात. सकाळी वाचायला मिळणारे मराठी वर्तमानपत्र बहुधा मुंबईचे, त्यामुळे कौतुक मुंबई संघाचे. आणि ज्यांचे नातेवाईक बडोद्याला, त्यांचा जीव बडोदा संघात. एका घरात चार संघ, आणि हे चारही संघ दर हिवाळ्यात एकमेकांशी भिडत. कारण ते सगळे एकाच विभागातले होते.

रणजी करंडक सुरू झाला १९३४-३५ मध्ये. देश मोठा, प्रवास आगगाडीचा, म्हणून जवळच्या संघांचे विभाग पाडण्यात आले. विभागातले सामने १९५६-५७ पर्यंत बाद फेरीचे असत. एकदा हरले की घरी. १९५७-५८ पासून साखळी पद्धत आली. पश्चिम विभागात पाच संघ होते : मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र. प्रत्येकाचे चार सामने, एकूण दहा. आता शेजाऱ्याशी गाठ नशिबावर राहिली नाही, ती दरसाल ठरलेली झाली. विद्यापीठांच्या रोहिंटन बारिया करंडकातही असेच विभाग असत, त्यामुळे कॉलेजातल्या पोरांनाही शेजारच्या विद्यापीठाशी आधी झुंजावे लागे.

या साखळीबद्दल एक गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. १ नोव्हेंबर १९५६ ते १ मे १९६० या काळात मुंबई राज्य द्वैभाषिक होते आणि सौराष्ट्रही त्यात होता. म्हणजे साखळीच्या पहिल्या तीन हंगामांत पश्चिम विभागाचे पाचही संघ एकाच राज्यातले होते! पुढे राज्ये दोन झाली, मोर्चे निघाले, माणसे दुखावली, पण क्रिकेटचा विभाग होता तसाच राहिला. राजकारणाने रेघ ओढली तिच्या दोन्ही बाजूंचे संघ दर हिवाळ्यात एकमेकांच्या मैदानावर जातच राहिले.

साठच्या दशकातला एखादा डिसेंबर डोळ्यांसमोर आणू. त्या आठवड्यात पश्चिम विभागाचे दोन सामने, पाचवा संघ रिकामा. सामना तीन दिवसांचा. निर्णायक विजयाला गुण जास्त, पण तीन दिवसांत दोन्ही डाव उरकणे अवघड. म्हणून सगळी झुंज पहिल्या डावातल्या आघाडीसाठी. ती एका धावेने मिळाली तरी पदरात गुण पडत. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर चार ओळींत छापलेल्या त्या आघाडीवर मागच्या ऐंशी वर्षांचे हिशेब चुकते होत, असे वाटावे इतकी चुरस. कोणाशी कोण, यावर त्या आठवड्याचा रंग ठरे.

मुंबई आणि महाराष्ट्र भिडणार असले तर तो घरचा वाद. एकाच भाषेचे दोन संघ, पण मुंबईचा रुबाब वेगळा. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वेळा रणजी करंडक मुंबईनेच जिंकला. १९६९-७० पर्यंत विभागातून एकच संघ पुढे जाई, तेव्हा बाकीचे चौघे दुसऱ्या जागेसाठी भांडत म्हटले तरी चालेल. १९७०-७१ पासून प्रत्येक विभागातले दोन संघ पुढे जाऊ लागले आणि त्याच वर्षी अंतिम सामना कोणात झाला? मुंबई आणि महाराष्ट्रात. मुंबईचे मोठे खेळाडू भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडीजला गेले होते. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली उरलेल्यांनी महाराष्ट्राला हरवले.

महाराष्ट्रालाही मिरवण्यासारखे पुष्कळ होते. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे प्रा. दि. ब. देवधर पन्नाशीकडे झुकले असताना त्यांच्या नेतृत्वाखाली या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ असा दोनदा करंडक जिंकला.

महाराष्ट्र आणि सौराष्ट्र यांची गाठ पडली की पुण्यातला डिसेंबर १९४८ आठवे. तेव्हा सौराष्ट्राच्या जागी काठियावाड संघ होता. कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद ४४३ धावा केल्या होत्या आणि ब्रॅडमनच्या ४५२ या विश्वविक्रमाला अवघ्या नऊ धावा कमी होत्या. विश्रांतीच्या वेळी काठियावाडच्या कप्तानाने पुढे खेळायलाच नकार दिला आणि विक्रम तिथेच राहिला. निंबाळकर कसोटी सामना कधीच खेळले नाहीत. पुढे १९५६-५७ मध्ये वसंत रांजणे यांनी पदार्पणातच सौराष्ट्राचे ९ गडी ३५ धावांत घेतले.

गुजरात आणि बडोदा हा आपल्या अंगणातला सामना. नरी कॉन्ट्रॅक्टर १९५२-५३ मध्ये गुजरातकडून पहिलाच प्रथम श्रेणीचा सामना खेळले तो बडोद्याविरुद्ध, आणि दोन्ही डावांत शतके ठोकली. पुढे ते भारताचे कप्तान झाले.

पण आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे ते महाराष्ट्र आणि बडोदा या सामन्यात. विजय हजारे सांगलीचे. १९३९-४० मध्ये त्यांनी महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडकातले ते पहिले त्रिशतक. थोड्याच दिवसांत तेच हजारे बडोद्याचे झाले आणि आयुष्यभर बडोद्याचेच राहिले. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात त्यांनी आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. सांगलीचा मराठी आणि लाहोरचा पंजाबी मुसलमान, दोघे मिळून बडोद्यासाठी. तो विक्रम जवळजवळ साठ वर्षे टिकला.

१९५७-५८ मध्ये, म्हणजे साखळीच्या पहिल्याच वर्षी, करंडक बडोद्याने जिंकला. कप्तान होते दत्ताजीराव गायकवाड. याच दत्ताजीरावांनी १९५९-६० मध्ये महाराष्ट्राविरुद्ध नाबाद २४९ धावा केल्या. समोरच्या संघाची भाषा आपली म्हणून त्यांनी बॅट आखडती घेतली नाही. पुण्याचे चंदू बोर्डे कित्येक वर्षे बडोद्याकडून खेळले, मग महाराष्ट्राकडून. दोन्हीकडे त्यांना आपलेच मानले गेले.

असे उलट्या दिशेनेही घडले. शेजारच्या भरूच जिल्ह्यातल्या इखर गावचा मुनाफ पटेल मुंबईकडून खेळला, महाराष्ट्राकडून खेळला, बडोद्याकडूनही खेळला. पुण्यात त्याला कोणी गाव विचारून चेंडू दिला नाही. तो वेगाने टाकतो, एवढे पुरे होते.

आणि हे पाच भांडखोर शेजारी वर्षातून एकदा एक होत. १९६१-६२ मध्ये विभागांचा दुलीप करंडक सुरू झाला. पहिल्याच वर्षी तो पश्चिम विभागाने जिंकला. ज्यांनी डिसेंबरात एकमेकांचे गडी बाद केले, तेच एका तंबूत बसून दक्षिणेविरुद्ध खेळले.

२००२-०३ पासून रणजीतले विभाग गेले. आता गट सरमिसळ असतात. शेजाऱ्याशी गाठ पडेलच असे नाही. त्याने एक गोष्ट मात्र झाली : मुंबईच्या सावलीत वाढलेले संघ मोकळे झाले. सौराष्ट्राने २०१९-२० आणि २०२२-२३ असा दोनदा करंडक जिंकला. त्याआधी गुजरातची पाळी आली. १९५०-५१ मध्ये गुजरात पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोचला होता, तो इंदूरला, आणि होळकर संघाकडून हरला होता. त्यानंतर जानेवारी २०१७ मध्ये पुन्हा इंदूर, पुन्हा अंतिम सामना, आणि समोर मुंबई. जिंकायला ३१२ हव्या होत्या. कप्तान पार्थिव पटेलने पहिल्या डावात ९० आणि दुसऱ्यात १४३ धावा केल्या. गुजरातने पाच गडी राखून पहिलावहिला करंडक उचलला.

त्या दिवशी उधन्यात मराठी माणसांनी काय करायचे? आमच्यापैकी काहींनी मुंबईसाठी हळहळ व्यक्त केली, कारण लहानपणापासूनची सवय. मग पेढे आणले. ज्या गावाने आपल्याला रोजगार दिला, ज्याच्या शाळेत आपली मुले शिकली, त्याच्या संघाने ६६ वर्षांनी कर्ज फेडले होते. ते पेढे खाताना कोणाला आपले मराठीपण कमी झाल्यासारखे वाटले नाही.

तेव्हा त्या मुलाला आमचे सांगणे एवढेच. विद्यापीठ आपल्याच उधना-मगदल्ला रस्त्यावर आहे. उद्या तू त्याच्या संघात असशील आणि समोर पुण्याचे किंवा जळगावचे विद्यापीठ येईल, तर पहिल्या डावातली आघाडी सोडू नकोस. हजाऱ्यांनी सोडली नाही, गायकवाडांनी सोडली नाही. सामना संपल्यावर समोरच्या पोरांना मांडवात घेऊन ये. आरतीला बसतील, मोदक खातील, आणि आडनावे विचारता विचारता कोणाचे तरी गाव तुझ्या आजोबांच्या गावाला लागूनच निघेल.