डिस्कचे हिस्से आणि संगणकाचा आरंभ

सिंदखेड राजा तालुक्यातील दुसरबीडमध्ये शेतजमिनीची नोंद जशी सातबारा उताऱ्यावर पाहिली जाते, तशी जुन्या संगणकांतील हार्ड डिस्कच्या हिश्शांची, म्हणजे पार्टिशनांची, नोंद तिच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमधील ६४ बाइटांच्या तक्त्यात असे. १९८३ साली आयबीएमच्या पीसी एक्सटी संगणकाबरोबर आणि डॉस २.० या प्रणालीबरोबर ही रचना प्रचारात आली. तक्त्यात चारच नोंदी मावत असल्याने पुढे एकाच नोंदीत अनेक उपविभाग सामावून घेणारे विस्तारित पार्टिशन रूढ झाले. संगणक सुरू होताच बायोस, म्हणजे मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेला मूळ प्रोग्राम, हा सेक्टर वाचत असे आणि त्यातील छोटा प्रोग्राम ‘सक्रिय’ अशी खूण असलेल्या पार्टिशनकडे ताबा सोपवीत असे. जुन्या बायोसला १,०२४ सिलिंडरांपलीकडचा भाग वाचता येत नसे (सिलिंडर म्हणजे डिस्कच्या सर्व चकत्यांवरील एकाखाली एक येणाऱ्या वर्तुळाकार मार्गांचा संच), आणि म्हणूनच लिनक्स बसवताना तिचा गाभा, म्हणजे कर्नल, आरंभीच्या लहानशा ‘बूट’ पार्टिशनमध्ये ठेवण्याची पद्धत पडली. नंतरच्या जीपीटी पद्धतीत सामान्यतः १२८ नोंदी मावतात. मात्र केवळ बायोस असलेल्या यंत्रावर विंडोज सुरू करायची, तर आजही तो चार नोंदींचा जुना तक्ताच लागतो.