तेजोमेघ, काच आणि थंडी

मृग नक्षत्र आपणा सर्वांच्या ओळखीचे आहे. पौष-माघाच्या रात्री मृगाच्या पोटात शिरलेला तीन ताऱ्यांचा बाण शाळकरी मूलही दाखवील. त्या बाणाच्या जरा दक्षिणेस मंद ताऱ्यांची एक लहानशी ओळ आहे. तीतील मधला तारा नीट न्याहाळला तर टिंबासारखा दिसत नाही. आरशावर उच्छ्वास सोडावा तसा तो पुसट दिसतो. तोच मृगातील तेजोमेघ. देवयानी नावाच्या तारकासमूहातही असाच एक पुसट डाग नुसत्या डोळ्यांना दिसतो. हे डाग म्हणजे आहे तरी काय, याचे उत्तर मिळवावयास, दुर्बीण हाती आल्यावरही माणसाला तीनशेवर वर्षे लागली. ते उत्तर अखेर उमटले ते दुर्बिणीच्या टोकाशी बसवलेल्या आणि हिवाळ्यात रात्र रात्र आकाशाकडे उघड्या ठेवलेल्या काचेवर. त्या काचेची आणि तिच्याशेजारी कुडकुडत बसलेल्या माणसांची हकीकत आज सांगावयाची आहे. भर वैशाखात थंडीच्या गोष्टी ऐकण्यास कोणाची ना नसावी.

छायाचित्रण येण्यापूर्वी ज्योतिषी डोळ्याने पाहत आणि हाताने चित्र काढीत. आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस याने सहा फुटी आरशाची प्रचंड दुर्बीण उभारली आणि १८४५ साली एका तेजोमेघाला भोवऱ्यासारखी वेटोळी आहेत असे दाखविले. काम मोठेच होते. पण एकाच तेजोमेघाची दोघा निरीक्षकांनी काढलेली चित्रे शेजारी ठेवली की ती जुळत नसत. मग मेघ बदलला की चित्र काढणारा, हे ठरवावे कसे?

शिवाय डोळ्याची एक मोठी उणीव आहे. डोळा प्रकाश साठवीत नाही. अंधुक वस्तूकडे तासभर टक लावून पाहिले, म्हणून ती पहिल्या काही क्षणांपेक्षा अधिक उजळ दिसू लागत नाही. छायाचित्राच्या काचेचे तसे नाही. गळक्या छपराखाली पातेले ठेवावे आणि थेंब थेंब करीत ते पहाटेपर्यंत भरावे, तसा तिच्यावर प्रकाश साठत जातो. मात्र काच तितका वेळ टिकली पाहिजे. १८५१ सालापासून प्रचारात आलेली कलोडियनची काच ओली असतानाच वापरावी लागे आणि काही मिनिटांतच ती वाळून निकामी होई. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने जिलेटिनचा लेप असलेली कोरडी काच सुचविली, आणि त्या दशकाच्या अखेरीस तशा काचा बाजारात मिळू लागल्या. तेजोमेघांचा इतिहास पालटला तो येथे, असे म्हणावयास हरकत नाही.

न्यूयॉर्कजवळचा हेन्री ड्रेपर हा पेशाने वैद्यक आणि रसायनशास्त्राचा प्राध्यापक. त्याने १८८० सालच्या ३० सप्टेंबरला अकरा इंची दुर्बिणीवर अशी कोरडी काच चढवून ती सुमारे ५० मिनिटे मृगातील तेजोमेघाकडे धरली. तेजोमेघाचे हे पहिले छायाचित्र. ५० मिनिटांवर त्याचे समाधान झाले नाही. १८८२ च्या मार्चमध्ये तो १३७ मिनिटांपर्यंत गेला. त्याच वर्षी शरद ऋतूत रॉकी पर्वतात शिकारीस गेला असता तो बर्फवाऱ्यात सापडला, त्यातून फुप्फुसाच्या आवरणाचा दाह झाला, आणि नोव्हेंबरात पंचेचाळिसाव्या वर्षी तो वारला. दुर्बिणीपाशी त्याच्याबरोबर रात्री जागणाऱ्या त्याच्या पत्नीने, ॲना ड्रेपर हिने, पुढे आपले द्रव्य हार्वर्डच्या वेधशाळेला दिले. त्यातूनच ताऱ्यांच्या वर्णपटांची ‘हेन्री ड्रेपर सूची’ तयार झाली.

१८८३ च्या जानेवारीअखेर लंडनजवळ ईलिंग येथे अँड्र्यू कॉमन या अभियंत्याने छत्तीस इंची आरशाने मृगातील त्याच मेघाचे छायाचित्र घेतले. त्या काचेवर असे तारे उमटले, की जे त्याच दुर्बिणीतून डोळ्याला दिसत नव्हते. ही घटना साधी नव्हे. आजवर काच डोळ्याची नक्कल करीत होती. आता ती डोळ्याच्या पुढे गेली.

आता हे काम प्रत्यक्षात कसे चाले ते पाहू. पृथ्वी फिरते, म्हणून तारे सरकतात. त्यांच्यामागून दुर्बीण फिरविण्यास घड्याळाचे यंत्र जोडलेले असे. पण त्या काळचे कोणतेही यंत्र तासन् तास अचूक चालत नसे. म्हणून निरीक्षक जोडदुर्बिणीतून एका ताऱ्यावर डोळा लावून बसे. तारा बारीक तारांच्या फुलीवरून केसभर जरी ढळला, तरी हाताने चक्र फिरवून तो पुन्हा फुलीवर आणावयाचा. अशी दोन, चार, सहा तास राखण. डुलकी लागली की काच फुकट.

बरे, शेकोटी पेटवावी, तर तेही नाही. वैशाखात तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा कशी थरथरते हे आपण पाहतोच. घुमटात ऊब केली की ती ऊन हवा फटीतून वर निघते आणि ताऱ्याचे बिंब तसेच थरथरू लागते. म्हणून बाहेर जितकी थंडी तितकीच आत राखावी लागे. रात्री लांबलचक, हवा कोरडी आणि निरभ्र, असा काळ हिवाळ्याचाच. आणि मृगही हिवाळ्यातलाच. बोटे बधिर होत, पण पातळ चक्र फिरवावयाचे म्हणून जाड हातमोजेही अडचणीचे. नेत्रभिंगावर आपलाच श्वास गोठे. निरीक्षकाने सुखात बसावे अशी एकही सोय या विद्येला परवडत नव्हती.

कोरडी काच आल्यानंतर आठ-दहा वर्षांतच आयझॅक रॉबर्ट्स याने या मार्गाने मोठी मजल मारली. हा मूळचा लिव्हरपूलचा बांधकाम-व्यावसायिक. १८८८ च्या २९ डिसेंबरला त्याने वीस इंची आरशाने घेतलेले देवयानीतील तेजोमेघाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. नुसत्या डोळ्यांना जेथे डाग दिसतो तेथे स्पष्ट वेटोळी होती! परंतु रॉबर्ट्सने अर्थ काय लावला? त्याला वाटले, लाप्लासने कल्पिल्याप्रमाणे येथे एक नवी सूर्यमालाच आकार घेत आहे. काच खरे तेच दाखवीत होती. पाहणाऱ्याच्या मनात मात्र आधीचे चित्र तयार होते.

नुसत्या आकारावरून निर्णय होईना, तेव्हा तेजोमेघाच्या प्रकाशाचा वर्णपट घेण्याकडे लक्ष गेले. आपल्या पुण्याचा या कथेशी संबंध येतो तो येथे. कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी राहिली होती. तेथील प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटातील मुख्य रेषेचे वेध घेऊन ते १८९१ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात प्रसिद्ध केले. पुढे १९१२ मध्ये ही वेधशाळा बंद झाली आणि तिची दुर्बीण कोडाईकनालला गेली.

मृगातील मेघ खरोखरीच वायूचा आहे. देवयानीचे काय? अमेरिकेत ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफ या उंचावरील गावी पर्सिव्हल लॉवेलची वेधशाळा होती. तेथे व्हेस्टो स्लायफर हा अबोल, काटेकोर तरुण काम करी. लॉवेलचीही समजूत अशीच होती की ही वेटोळी म्हणजे घडत असलेल्या सूर्यमाला. त्यांचे वर्णपट घेण्यास त्याने स्लायफरला सांगितले. आधीच पुसट असलेला प्रकाश वर्णपटात पसरला की आणखी क्षीण होतो. एका रात्रीत काम होईना. फ्लॅगस्टाफला हिवाळ्यात बर्फ पडते आणि पारा शून्याच्या बराच खाली जातो. अशा दिवसांत, १९१२ च्या डिसेंबरच्या २९, ३० आणि ३१ तारखांना, स्लायफरने एकच काच लागोपाठ तीन रात्री देवयानीकडे लावली. पहाट झाली की झाकावयाची, अंधार पडला की पुन्हा तेथेच उघडावयाची. जग नव्या वर्षाचे स्वागत करीत असता हा मनुष्य एका ताऱ्याला फुलीवर धरून बसला होता. काचेवरील रेषा मोजता निघाले, की देवयानीचा मेघ सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत आहे. इतका वेग तोवर कोणत्याही ताऱ्याचा सापडला नव्हता. १९१४ पर्यंत अशा पंधरा मेघांचे वेग त्याने मोजले. बहुतेक आपल्यापासून दूर पळत होते.

१९२० च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला शॅपली आणि कर्टिस या दोघा विद्वानांची याच विषयावर समोरासमोर व्याख्याने झाली. ही वेटोळी आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची स्वतंत्र विश्वे आहेत असे कर्टिसचे म्हणणे. शॅपलीला ते अमान्य. निकाल काही लागला नाही. व्याख्यानांनी असले प्रश्न सुटत नाहीत, हे व्याख्यानमालेत सांगताना जरा संकोच होतो खरा! १९२३ च्या ऑक्टोबरात एडविन हबल याने माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीने घेतलेल्या एका काचेवर देवयानीतील एक रूपविकारी तारा पकडला. त्याच्या तेजाच्या चढउतारावरून अंतर काढता आले, आणि १ जानेवारी १९२५ रोजी, हबल सभेला हजर नसताना, ते जाहीर झाले. देवयानी हे दुसरे विश्व होते. हबलने काढलेले अंतर कमीच होते; आज आपण ते सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानतो.

हबलचे नाव आपण ऐकलेले असते. मिल्टन ह्युमसनचे सहसा नाही. चौदाव्या वर्षी शाळा सोडलेला हा पोरगा माउंट विल्सनवर बांधकामाचे सामान चढविणारी खेचरे हाकीत असे. १९१७ साली तो वेधशाळेत झाडलोटीच्या नोकरीस लागला, मग रात्रीचा मदतनीस झाला, आणि हातची सफाई पाहून त्याला निरीक्षकांत घेतले गेले. दूरदूरच्या मेघांचे वेग हबलला हवे होते. तेव्हा ह्युमसनने एका मंद मेघावर एक काच ३३ तास आणि दुसरी ४५ तास, अर्थात अनेक रात्री मिळून, लावली. वेग निघाला सेकंदाला सुमारे ३,८०० किलोमीटर. १९२९ साली विश्व प्रसरण पावत आहे या सिद्धांताला जो आधार मिळाला, त्यात स्लायफरचे आकडे आणि ह्युमसनचे हे जागरण दोन्ही होती. हबलच्या बुद्धीला मी कमी लेखीत नाही. पण ज्या शास्त्रात एका आकड्याला ४५ तासांची थंडी लागते, तेथे श्रेयाचे वाटप पाठ्यपुस्तके करतात तितके सोपे नाही. १९५० साली स्वीडनमधील लुंड विद्यापीठाने या खेचरवाल्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली.

पुढे पॅलोमारच्या दोनशे इंची दुर्बिणीत निरीक्षक नळीच्या तोंडाशी टांगलेल्या पिंजऱ्यातच बसू लागले, आणि वैमानिकांचे विजेने ऊब देणारे पोशाख त्यांच्या कामी आले. थंडीचा एक फायदाही ध्यानात आला. मंद प्रकाशात काच हळूहळू सुस्त होते. दुसऱ्या तासात पहिल्या तासाइतके उमटत नाही. काच थंड केली की ही सुस्ती कमी होते. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत शोधल्या गेलेल्या सीसीडी या विद्युत्-चकतीने काचेला निवृत्त केले, पण तिलाही थंडीच लागते. उबेत ती अंधारातही खोटे ठिपके उमटविते.

लडाखमध्ये हानले येथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, २००० सालापासून भारताची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. हिवाळ्यातल्या रात्री तेथील पारा शून्याखाली वीस अंशांच्याही खाली जातो. त्या थंडीत दुर्बिणीवरचा कॅमेरा द्रव नायट्रोजनने आणखी थंड करून ठेवतात. आणि तो चालविणारे ज्योतिषी बंगळूरजवळ होसकोटे येथे उपग्रहाच्या दुव्यावर, पडद्यासमोर, चहाचा पेला शेजारी ठेवून बसलेले असतात.