येरळा खोऱ्याची तहान आणि आपला प्रश्न

कृष्णा सगळ्यांना माहीत आहे, येरळा फारशी कुणाला माहीत नाही. खटाव तालुक्याच्या उत्तरेला महादेव डोंगररांगेत ती उगम पावते. वडूजवरून दक्षिणेला वाहत सांगली जिल्ह्यात शिरते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. खटाव-माण मात्र सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. तिथे त्याचा जेमतेम दहावा हिस्सा पडतो.

हा झाला भूगोल. पण माणसाच्या तहानेला एकटा भूगोल जबाबदार असतो का?

१९०१ साली बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी खटाव तालुक्यातील गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळात माणसे मरत होती, म्हणून सरकारने तिथे तलाव खोदण्याचे काम काढले होते. वडिलांना भेटायला लहानगा भीम, त्याचा भाऊ आणि भाचे साताऱ्याहून रेल्वेने मसूरला उतरले. पुढे बैलगाडी. जात कळल्यावर गाडी मिळाली ती दुप्पट भाड्याने, आणि हाकायची पोरांनीच. डबा भरलेला होता, पण वाटेत डबक्यातले शेणामुताचे पाणी सोडून दुसरे पाणी मिळाले नाही. टोलनाक्यावरही नाही. पोरे रात्रभर उपाशी राहिली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. तलावासाठी सरकारकडे पैसा होता, पण त्याच तालुक्याच्या वाटेवर अस्पृश्य मुलांसाठी घोटभर पाणी नव्हते. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहाकडे पाहताना हा प्रवास विसरून चालणार नाही.

पुढे काय झाले? १९८२ च्या गिरणी संपानंतर खानापूर तालुक्यात परतलेल्या कामगारांनी आणि शेतकऱ्यांनी मुक्ती संघर्ष चळवळ उभी केली. येरळेची वाळू ठेकेदार उपसत होते. तीच थोडी वाळू विकून बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी बळीराजा स्मृती धरण बांधले. पाण्यावर भूमिहीनांचाही वाटा आहे, हे तत्त्व त्यांनी मांडले. आमच्या मते या खोऱ्याच्या इतिहासातली ही सर्वात मोठी गोष्ट आहे.

कारण आज टेंभू-ताकारीचे पंप कृष्णेचे पाणी दुष्काळी पट्ट्यात चढवत आहेत. दुष्काळी भागाचा हा हक्कच आहे, आम्ही त्याचे स्वागत करतो. पण कालव्याचे पाणी जमिनीच्या मापाने मिळते. ज्याच्या नावावर गुंठाही नाही, त्याच्या वाट्याला उसाच्या फडातली मजुरी येते. महार वतन गेले, तरी अनेक कुटुंबांना कसायला पुरेशी जमीन राहिली नाही. पूर्वी पाणवठ्यावर जात विचारत होते, आता सातबारा विचारतात. आणि सातबाऱ्यावर नाव कुणाचे आहे, हे पुन्हा जातीनेच ठरवलेले आहे.

म्हणून तरुणांनो, आपल्या गावच्या ओढ्याचा नकाशा काढा. बंधारा कुठे, विहिरी कुणाच्या, वस्तीचा नळ कुठे संपतो, ते त्यावर लिहा. तो नकाशा घेऊन ग्रामसभेत उभे राहा आणि पाण्याचा वाटा माणशी मागा.

जय भीम!