ध्वनिसंकोचनाचा इतिहास आणि मौखिक साधनांची मूळ प्रत : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

सिंदखेडराजा येथे १९०९ मध्ये जन्मलेले आणि मेहकर येथे वकिली करीत काव्यलेखन करणारे ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता मराठी ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात एक टप्पा मानली जाते. नागपूरचे गायक जी. एन. जोशी यांच्या आवाजात ती १९३२ च्या सुमारास एच.एम.व्ही.च्या तबकडीवर आली आणि मराठी भावगीताची सुरुवात याच ध्वनिमुद्रिकेपासून झाली, असे सर्वसाधारणपणे मानण्यात येते. कवीचा 'शीळ' हा संग्रह मात्र १९५४ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे मेहकरच्या या कवीचे शब्द ग्रंथरूपाने वाचकांच्या हाती पडण्यापूर्वी सुमारे दोन दशके ते महाराष्ट्राने ऐकले होते. मुद्रित साधनाच्या आधी ध्वनिसाधन, असा हा क्रम आहे व तो अभ्यासकांनी पुरेसा लक्षात घेतलेला नाही.

जुन्या तबकड्यांवरील गाणी आज बहुतेकांना भेटतात ती भ्रमणध्वनीवरील एका लहानशा संकोचित धारिकेच्या रूपात. लाखेची तबकडी ते ही धारिका या प्रवासात आवाजाचे काय काय गळाले, आणि गळालेले परत मिळविता येते काय, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो साधनचिकित्सेचा, म्हणजेच इतिहासाचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

तबकडीने घातलेली मर्यादा

ध्वनी साठविण्याचे प्रत्येक माध्यम काही ना काही कापतच आले आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपासच आवाज मावत असे. तासभर चालणारा राग, रात्रभर रंगणारे कीर्तन यांना या तीन मिनिटांत बसविणे म्हणजे कलाकारानेच स्वतः संक्षेप करणे होय. भावगीत हा प्रकार तबकडीवर इतक्या सहजतेने रुजला त्यामागे त्याचा आटोपशीरपणा हे एक कारण असावे. मात्र ही कात्री उघड होती. आलाप कमी केला, कडवे वगळले, हे गायकाला ठाऊक असे आणि जाणकार श्रोत्यालाही कळत असे.

पुढे चुंबकीय फीत आली, १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली आणि १९८० च्या दशकात भारतात कॅसेटचा अक्षरशः सुळसुळाट झाला. भजनी मंडळे, भीमगीतांचे गायक, भारुडकार यांना मुंबईच्या कंपन्यांच्या दाराशी न जाता आपला आवाज विकता येऊ लागला. कॅसेटवरून कॅसेट काढताना दर पिढीला खरखर वाढत असे. तीही ऐकू येणारी हानी होती. कितवी प्रत हाती आली आहे, याचा अंदाज कानाला येत असे.

कानाच्या मर्यादेचा हिशोब

डिजिटल ध्वनीची मूळ कल्पना ॲलेक रीव्ह्ज यांनी १९३७ मध्येच मांडली होती. आवाजाच्या लहरीची उंची ठरावीक अंतराने मोजायची आणि तो आकडा नोंदवायचा, इतकीच ती कल्पना. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर सेकंदाला ४४,१०० वेळा, १६ बिट अचूकतेने आणि दोन वाहिन्यांवर असे मोजमाप होते. सेकंदाला १४,११,२०० बिट, म्हणजे तीन मिनिटांच्या गाण्यास सुमारे ३२ मेगाबाइट. मायक्रोसॉफ्ट व आयबीएम यांनी १९९१ मध्ये आणलेल्या वेव्ह धारिकेत हाच असंकोचित ऐवज जसाच्या तसा असतो. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. त्यानंतरच्या काही वर्षांत आलेल्या ५६ किलोबिट वेगाच्या मोडेमवरून, तो वेग पूर्ण मिळाला असे धरले तरी, अशी एक धारिका उतरवून घेण्यास सव्वा तास लागला असता.

यावर दोन मार्ग होते. एक मार्ग हानिरहित संकोचनाचा. पुनरावृत्ती व अनुमेयता हेरून तोच ऐवज कमी जागेत लिहायचा आणि उलगडताना बिटनबिट परत मिळवायचा. क्लॉड शॅनन यांचा १९४८ चा माहितीसिद्धान्त आणि डेव्हिड हफमन यांची १९५२ ची संकेतपद्धती हा त्याचा पाया. परंतु संगीताच्या बाबतीत या मार्गाने आकार साधारणतः निम्म्यापर्यंतच उतरतो.

दुसरा मार्ग मानवी कानाच्या उणिवांवर आधारलेला आहे. मोठ्या आवाजाच्या शेजारी त्याच स्वरपट्ट्यातील लहान आवाज कानाला ऐकू येत नाही. नगारा वाजत असता शेजारच्याची कुजबुज कळत नाही, हा अनुभव सर्वांचाच. शास्त्राने त्याचे मोजमाप केले. या आच्छादनाचा उपयोग वाणीच्या संकेतनासाठी कसा करता येईल, हे बेल प्रयोगशाळेतील मॅनफ्रेड श्रोडर, बिष्णू अटल आणि जोसेफ हॉल यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले. यांतील अटल हे मूळचे भारतीय. आवाजाचे स्वरपट्ट्यांत विभाजन करण्यासाठी पुढे जी गणिती पद्धत वापरात आली, तिचे मूळ असलेले डिस्क्रीट कोसाइन रूपांतर १९७४ मध्ये नसीर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह मांडले होते. एमपी३चा इतिहास जर्मनीपासून सुरू करण्याची प्रथा पडली आहे. तीत ही नावे सहसा येत नाहीत, म्हणून येथे त्यांचा मुद्दाम उल्लेख केला आहे.

जर्मनीतील एरलांगेन येथे कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्राउनहोफर संस्थेच्या आश्रयाने हे सर्व धागे एकत्र आणले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या एमपेग या आंतरराष्ट्रीय गटाने १९९२ मध्ये मानक निश्चित केले, १९९३ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि १९९५ च्या जुलैमध्ये 'एमपी३' हे धारिकानाम ठरले. सेकंदाला १२८ किलोबिट या प्रचलित दराने तीन मिनिटांचे गाणे तीन मेगाबाइटांच्या आत येते, म्हणजे मूळच्या अकराव्या हिश्शात. मोडेमचा सव्वा तास सात मिनिटांवर आला. विनअँप १९९७ मध्ये आले, आणि २००० नंतरच्या दशकात शंभर-दीडशे गाण्यांच्या एमपी३ सीडी गावोगावच्या बाजारांत दिसू लागल्या. एकस्वाधिकारांचा परवाना कार्यक्रम २०१७ च्या एप्रिलमध्ये बंद झाला व एमपी३ सर्वांसाठी मोकळे झाले.

येथे एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. कोणता आवाज ऐकू येणार नाही, हा निर्णय यंत्र घेत असले तरी त्या यंत्राला शिकविले माणसांच्या कानांनी, आणि तेही विशिष्ट नमुने ऐकवून. युरोपीय प्रसारण संघाने ध्वनिगुणवत्तेच्या परीक्षणासाठी १९८८ मध्ये जी तबकडी प्रसिद्ध केली, तीत बोलण्याचे नमुने आहेत ते इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन या तीन भाषांचे. यावरून हे तंत्र मराठीला निरुपयोगी ठरते, असे नव्हे. कान सर्वांचे सारखेच. परंतु 'ऐकणाऱ्याला फरक कळत नाही' आणि 'अभ्यासकाला फरक लागत नाही' ही दोन विधाने एक नव्हेत.

प्रत आणि मूळ

वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या १८९८ मधील पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींच्या विश्वसनीयतेवर कठोर टीका करून मूळ पत्रांना अग्रस्थान दिले, हे इतिहासाच्या प्राध्यापकांना नव्याने सांगावयास नको. नकलाकाराने काय गाळले हे मूळ हाती आल्याशिवाय कळत नाही. एमपी३ धारिका ही अशीच नक्कल आहे. फरक इतकाच की हा नकलाकार अत्यंत कुशल असून त्याने गाळलेल्या जागा वाचकाला दिसतच नाहीत. एमपी३चे पुन्हा वेव्ह धारिकेत रूपांतर केल्यास आकार अकरा पटींनी वाढतो, परंतु गळालेला ऐवज परत येत नाही. सीडीवर भरलेली धारिका असंकोचित आहे एवढ्यावरून ती मूळ ठरत नाही. एका संकोचित रूपातून दुसरे संकोचित रूप काढले, तर हानीवर हानी चढते.

७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या बाबतीत यात आणखी एक गुंता आहे. अशी तबकडी एकवाहिनी असते. तिची एमपी३ दोन स्वतंत्र वाहिन्यांवर करणे म्हणजे एकच मजकूर दोनदा लिहिण्यासारखे आहे. शिवाय सुईखालची खरखर व टकटक ही अनियमित असल्याने तिचे संकोचन अवघड जाते. मर्यादित बिटांपैकी मोठा वाटा या कचऱ्यावर खर्ची पडतो आणि गायकाचा आवाज उपाशी राहतो. म्हणून अनेक जण आधी खरखर पुसतात. पुसताना 'स', 'श' यांसारख्या वर्णांचे वरच्या पट्टीतील घर्षणही पुसले जाते. परिणामी कानाला गोड, पण १९३२ च्या तबकडीहून बरीच वेगळी अशी तिसरीच वस्तू तयार होते.

जात्यावरील ओव्यांचा दाखला

महाराष्ट्रात मूळ प्रत आणि वापराची प्रत यांचा भेद नीट पाळला गेल्याचे एक ठळक उदाहरण म्हणजे जात्यावरील ओव्यांचा प्रकल्प. पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकात मुळशी तालुक्यातील स्त्रियांबरोबर काम करताना सुरू केलेल्या या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. १९९० च्या दशकात फ्रेंच संगीतसंशोधक बर्नार बेल यांच्या सहभागाने त्यांपैकी काही हजार ओव्यांचे, सुमारे १२० तासांचे, डॅट या डिजिटल फितीवर ध्वनिमुद्रण झाले.

डॅट फितीवर आवाज असंकोचित असतो. सेकंदाला ४८,००० वेळा, १६ बिट, दोन वाहिन्या या सर्वसाधारण मोजमापाने हिशोब केल्यास १२० तासांना सुमारे ८३ गिगाबाइट जागा लागते. या शतकाच्या आरंभी घरगुती संगणकाची संपूर्ण डिस्कच तेवढी असे. तोच ऐवज १२८ किलोबिट दराने एमपी३ केला, तर सात गिगाबाइटांत मावतो. त्या काळी मोह पडावा अशीच ही तफावत होती. तरीही मूळ ध्वनी सांभाळला गेला. तो आधी गुरुग्राम येथील आर्काइव्हज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजीकडे ठेवण्यात आला व नंतर फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हाँस येथील ध्वनिसंग्रहालयाकडे गेला. सोनी कंपनीने डॅट यंत्रांचे उत्पादन २००५ मध्ये थांबविले, हे पाहता वेळेचे महत्त्व कळून येते. पॉइतवाँ २००४ मध्ये व राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या गेल्या पिढीत जमा झाल्या. २०१७ पासून 'परी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, या ओव्या जगापुढे आणीत आहे. जगाला ऐकू येते ती हलकी प्रत. मूळ वेगळे राहिले.

जात्याची घरघर ही संकोचनाच्या दृष्टीने तबकडीच्या खरखरीसारखीच. ती विस्तृत पट्ट्यात पसरलेली असते आणि तिच्याआड बांगड्यांची किणकिण किंवा दुसऱ्या बाईने हळूच दिलेली साथ झाकली जाऊ शकते. श्रोत्याच्या दृष्टीने हे गौण आहे. दोघी दळत होत्या की एकटी, याचा शोध घेणाऱ्याला तोच पुरावा आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील बोली

ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात स्टेन कोनोव यांनी वऱ्हाडीची नोंद केली आहे. ती अर्थातच लिखित आहे. 'ळ'च्या जागी 'य' येणे हा वऱ्हाडीचा सर्वपरिचित विशेष लिखित नमुन्यातही टिकतो आणि निकृष्ट ध्वनिमुद्रणातही टिकतो, कारण हे दोन्ही वर्ण खालच्या पट्टीत ओळखू येतात. मराठीतील दोन 'च'कारांचे, म्हणजे 'चमचा'तल्या व 'चार'मधल्या 'च'चे, तसे नाही. देवनागरी लिपी त्यांत भेदच करीत नाही. तो भेद मुख्यतः वरच्या पट्टीतील घर्षणात असतो. २००० नंतरच्या दशकातील अनेक भ्रमणध्वनी एएमआर या प्रकारात आवाज नोंदवीत. त्यात सेकंदाला केवळ ८,००० मोजमापे असल्याने चार हजार हर्ट्झच्या वरचे सारे नाहीसे होते. अशा नोंदीवरून एखाद्या गावच्या बोलीतील चकारांचा निर्णय देणे धोक्याचे आहे. आजच्या व्हॉट्सअ‍ॅपवरील ध्वनिसंदेश ओपस या बऱ्याच सुधारलेल्या प्रकारात जातात; तथापि तेही हानियुक्तच आहे. मूळ वेगळे नोंदलेच नसल्याने येथे नक्कल हीच एकमेव प्रत उरते.

या प्रश्नाची धार सर्वांत तीव्र होते ती जळगाव जामोद तालुक्यात. सातपुड्याच्या पायथ्याच्या काही गावांत निहाली ही भाषा बोलली जाते. ती मराठी, कोरकू यांच्या सहवासात वाढली असली तरी तिचे नाते कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी सिद्ध झालेले नाही. सर्वेक्षणाच्या १९०६ च्या चौथ्या खंडात तिची त्रोटक नोंद आहे, आणि एफ. बी. जे. कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. भाषकांची संख्या दोन-अडीच हजारांच्या घरात सांगितली जाते. मराठीत एखादा ध्वनी नोंदीत पुसट आला, तर पडताळण्यास कोट्यवधी भाषक आहेत. निहालीच्या जुन्या पिढीचा आवाज पुसट आला, तर पडताळणी कोणाकडे करावयाची? कोणता ध्वनिभेद अर्थभेदक आहे, हेच जेथे अभ्यासाचा विषय आहे, तेथे काय अनावश्यक हे आधीच ठरविणारे यंत्र वापरणे शास्त्राला धरून होत नाही.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे शैलेंद्र मोहन यांनी अलीकडे या भाषेच्या प्रलेखनाचे काम केले आहे. अशा प्रलेखनासाठी आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्राहक संघटनेने २००४ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेची शिफारस स्पष्ट आहे : असंकोचित धारिका, सेकंदाला किमान ४८,००० मोजमापे, २४ बिट. एका वाहिनीवर याचा तासाला सुमारे ५१८ मेगाबाइट इतका भार होतो. जागेची अडचण असल्यास २००१ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती निघालेले फ्लॅक हे हानिरहित रूप उपलब्ध आहे. त्याचे विवरण डिसेंबर २०२४ मध्ये इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजांत आरएफसी ९६३९ या क्रमांकाने समाविष्ट झाले असून ते कोणालाही वाचावयास खुले आहे. फ्लॅकमधून मूळ वेव्ह बिटनबिट परत मिळते, आणि गावात ऐकविण्यासाठी त्यातून हवी तेव्हा, हव्या त्या आकाराची एमपी३ काढता येते.