हौशी मोटोक्रॉस: शर्यत कधी थांबवावी, आणि ऑफ-रोड रायडिंग हा पर्याय किती सुरक्षित?

मोटोक्रॉस हा खेळ सुरू करणे सोपे आहे, पण तो कधी थांबवायचा हे ठरवणे अवघड जाते. पुणे, नाशिक अशा शहरांत अनेक तरुण नोकरी किंवा कॉलेज सांभाळून मातीच्या ट्रॅकवर शर्यती करतात. त्यांतले बरेच जण काही वर्षांनी शर्यत सोडतात. काही जण बाइक विकून टाकतात, तर काही जण डोंगरवाटांवरच्या निवांत ऑफ-रोड रायडिंगकडे वळतात. तुम्ही स्वतः या निर्णयाजवळ आला असाल किंवा घरातले कोणी शर्यतीत पडून बरे होत असेल, तर पुढील माहिती तुम्हाला उपयोगी पडेल.

मोटोक्रॉस आणि ऑफ-रोड रायडिंग यांत फरक काय?

मोटोक्रॉसमध्ये मातीचा आखीव, बंदिस्त ट्रॅक असतो. त्यावर मोठ्या उड्या, तीव्र वळणे आणि चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या असतात. सगळे रायडर एकाच वेळी सुटतात. जागतिक पातळीवर एका सुरुवातीला ४० पर्यंत रायडर असतात आणि एक फेरी ३० मिनिटे अधिक २ लॅप चालते. हौशी शर्यती यापेक्षा लहान असतात, पण उडी आणि गर्दी तिथेही असतेच.

ऑफ-रोड किंवा ट्रेल रायडिंगमध्ये घाटवाटा, माळरान, नदीकाठ अशा ठिकाणी बाइक चालवली जाते. घड्याळ आणि क्रमांक नसतो. दमलात तर थांबता येते, अवघड चढ वाटला तर उतरून बाइक ढकलता येते. हा फरक आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

रायडर शर्यत का सोडतात?

बहुतेक वेळा कारण एकच नसते. शरीर, मन, नोकरी आणि खर्च या सगळ्यांचा भार हळूहळू साठत जातो.

१. पुन्हा पुन्हा मोडणारी हाडे

पडताना आपण नकळत हात पुढे टेकतो. त्यामुळे कॉलरबोन म्हणजे गळ्याखालचे आडवे हाड, खांदा आणि मनगट यांना सर्वाधिक मार बसतो. प्रौढांमध्ये कॉलरबोन जुळायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. उड्या आणि धडक असलेल्या खेळात परतायला त्याहून जास्त वेळ द्यावा लागतो.

मनगटातले स्कॅफॉइड हे लहान हाड विशेष फसवे आहे. त्याचा रक्तपुरवठा नाजूक असतो आणि मोडलेले असूनही पहिल्या एक्स-रेत ते दिसत नाही, असे होऊ शकते. "एक्स-रे नॉर्मल आहे, मुरगळले असेल" असे समजून रायडर पुन्हा हँडल धरतो. हाड न जुळता राहिले तर पुढे मनगटाला कायमची संधिवाताची झीज होते. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे किंवा एमआरआय करून घ्या.

२. गुडघा

वळणावर आतला पाय जमिनीजवळ असतो. तो मातीत अडकला आणि बाइक पुढे गेली की गुडघा पिळला जातो आणि एसीएल हा लिगामेंट तुटू शकतो. शस्त्रक्रियेनंतर पिळ बसणाऱ्या खेळात परतण्यासाठी साधारण ९ महिने आणि नियमित फिजिओथेरपी लागते. नोकरी करणाऱ्या माणसाचा यातच एक पूर्ण हंगाम जातो.

३. डोक्याला मार

शर्यत सोडण्याचे हे वैद्यकीयदृष्ट्या सर्वांत गंभीर कारण आहे. हेल्मेट कवटीला वाचवते, पण मेंदू आत हलण्यापासून पूर्णपणे थांबवू शकत नाही. अशा धक्क्याला कन्कशन म्हणतात. यात शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही, आणि सीटी स्कॅनही नॉर्मल येऊ शकतो.

लक्षणे अशी असतात:
- डोकेदुखी, चक्कर, मळमळ
- उजेड किंवा आवाज सहन न होणे
- पडण्याच्या आधीचे किंवा नंतरचे न आठवणे
- विचार मंदावणे, चिडचिड, झोपेत बदल

बहुतेक प्रौढ काही आठवड्यांत बरे होतात. मात्र पहिला धक्का भरून येण्याआधी दुसरा बसला तर बरे व्हायला जास्त काळ लागतो. क्वचित प्रसंगी, विशेषतः कमी वयात, मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते. प्रत्येक वेळी कमी जोराच्या धक्क्याने लक्षणे येऊ लागली किंवा ती जास्त दिवस टिकू लागली, तर शर्यत कायमची थांबवण्याबद्दल न्यूरोलॉजिस्टशी मोकळेपणाने बोला.

४. आर्म पंप

काही लॅपनंतर पुढचा हात दगडासारखा घट्ट होतो, बोटे बधिर होतात आणि क्लच-ब्रेक नीट दाबता येत नाही. स्नायूंभोवतीच्या आवरणात दाब वाढल्याने हे घडते. थांबल्यावर काही वेळात ते कमी होते. हँडलची उंची, पकड, दम आणि तंत्र सुधारून फायदा होऊ शकतो. निदान पक्के असेल तर काहींना शस्त्रक्रिया लागते. ट्रेलवर मध्ये थांबता येत असल्यामुळे अशा रायडरला तो पर्याय झेपतो.

५. मनात बसलेली भीती

मोठ्या अपघातानंतर हाड जुळते, पण उडी समोर आली की छाती धडधडते, हात आखडतो. ही भीती म्हणजे भित्रेपणा नव्हे. ती मेंदूची संरक्षणाची पद्धत आहे. भीती लपवून शर्यत केली तर रायडर उडीच्या ऐन तोंडावर थ्रॉटल सोडतो आणि पुन्हा पडतो. अपघाताची स्वप्ने, झोप न लागणे किंवा बाइकचा आवाजही नको वाटणे महिन्याहून जास्त टिकले, तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्या.

६. वय, नोकरी आणि खर्च

व्यावसायिक रायडरच्या मागे अनेकदा संघ आणि फिजिओ असतात. हौशी रायडरला मात्र सोमवारी कामावर जायचे असते. ज्याचे पोट हातांच्या कामावर आहे, त्याच्यासाठी मोडलेले मनगट म्हणजे बुडालेला पगार. लग्न, मूल, कर्ज यांनंतर तोच धोका वेगळा दिसू लागतो. हा विचार पूर्णपणे रास्त आहे.

ऑफ-रोडकडे वळलो म्हणजे धोका संपला का?

नाही. धोक्याचे स्वरूप बदलते.

*कमी होते ते:* मोठ्या उडीवरून आदळणे, गर्दीत दुसऱ्याच्या बाइकखाली येणे, दुखत असतानाही फेरी पूर्ण करण्याचा दबाव.

*वाढते ते:* मदत पोहोचायला लागणारा वेळ. शर्यतीच्या ठिकाणी रुग्णवाहिका उभी असते, पण सह्याद्रीतल्या एखाद्या वाटेवर मोबाइलला रेंजही नसते. शिवाय उन्हाचा तडाखा, पाण्याची कमतरता, गवतात लपलेले दगड, कुंपणाच्या तारा, ओढ्याचे अचानक वाढलेले पाणी आणि सर्पदंश हे धोके आहेतच.

वेग आणि स्पर्धा कायम राहिली तर ट्रॅक सोडूनही फारसे बदलत नाही. भारताचे सी. एस. संतोष हे मोटोक्रॉसमधून रॅलीकडे वळलेले रायडर. २०१५ मध्ये डकार रॅली पूर्ण करणारे ते पहिले भारतीय ठरले. जानेवारी २०२१ मध्ये सौदी अरेबियातल्या त्याच रॅलीत पडून त्यांच्या डोक्याला गंभीर मार लागला आणि त्यांना औषधांनी बेशुद्ध ठेवून उपचार करावे लागले. पर्याय निवडताना स्वतःला विचारा: मी फक्त जागा बदलतो आहे, की वेगही कमी करतो आहे?

ट्रेलवर जाताना:
- एकट्याने जाऊ नका. निदान तिघे असा, म्हणजे एक जण जखमीजवळ थांबेल आणि एक मदत आणेल.
- मार्ग आणि परतण्याची वेळ घरी सांगून जा.
- हेल्मेट, गॉगल, छाती-पाठीचे कवच, गुडघ्याचे गार्ड आणि उंच बूट घाला. मोठा मार बसलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदला.
- पाणी, ओआरएस आणि प्रथमोपचाराची पेटी सोबत ठेवा.

पुन्हा बाइकवर कधी बसावे?

तारीख ठरवून परतू नका, निकष ठरवून परता.

- हाडे: एक्स-रेत जुळणी दिसली पाहिजे, दाबल्यावर दुखता कामा नये, आणि पकड व ताकद जवळपास दुसऱ्या बाजूइतकी हवी.
- गुडघा: सूज नसावी. एका पायावर उडी मारून तोल सांभाळता यावा. फिजिओथेरपिस्टच्या चाचण्या पूर्ण झालेल्या असाव्यात.
- कन्कशन: त्या दिवशी पुन्हा बाइकवर अजिबात बसू नका. १ ते २ दिवस सापेक्ष विश्रांती घ्या, मग हलके चालणे सुरू करा. त्यानंतर व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवा आणि प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास द्या. लक्षणे वाढली तर एक पायरी मागे या. शर्यतीपूर्वी डॉक्टरांची लेखी परवानगी घ्या.
- वेदनाशामक: गोळी घेऊन दुखणे दाबायचे आणि शर्यत करायची, हे टाळा. डोक्याला मार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका.

तातडीने रुग्णालयात कधी जावे?

पुढीलपैकी एकही लक्षण दिसले तर १०८ किंवा ११२ वर फोन करा:

- शुद्ध हरपणे, झटका येणे, वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, बोलण्यात गोंधळ
- मान किंवा पाठीत तीव्र वेदना, हातापायांत मुंग्या किंवा कमजोरी, लघवीवरचे नियंत्रण जाणे. अशा वेळी जखमीला हलवू नका.
- हँडल पोटात लागल्यानंतर पोटदुखी, खांद्यात दुखणे, चक्कर किंवा घाम. प्लीहा, यकृत किंवा स्वादुपिंडाची इजा काही तासांनीही जाणवू शकते.
- मार लागलेला हात किंवा पाय टणक होणे, असह्य दुखणे, बोटे बधिर होणे. हे आर्म पंपसारखे वाटले तरी थांबल्यावर कमी होत नाही आणि काही तासांत स्नायू निकामी करू शकते.

जखमीचा श्वास नीट चालू असेल तर प्रशिक्षित व्यक्ती येईपर्यंत हेल्मेट काढू नका. खायला-प्यायला देऊ नका, कारण शस्त्रक्रिया लागू शकते.

घरच्यांनी काय करावे?

"आता बास झाले" असे फर्मान सोडल्याने बहुतेक वेळा रायडर दुखणे लपवू लागतो. त्याऐवजी तपासणीला सोबत जा आणि डॉक्टरांना समोरासमोर विचारा, "पुन्हा याच जागी मार लागला तर काय होईल?" निर्णय प्लास्टर असताना किंवा हरल्याच्या रागात घेऊ नका. शर्यत सुटल्यावर मित्र, दिनक्रम आणि ओळख एकदम हरवल्यासारखी वाटते. उदासी दोन आठवड्यांहून जास्त राहिली तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. नवख्यांना शिकवणे, ट्रॅकवर मार्शल म्हणून काम करणे, बाइकची देखभाल करणे अशा वाटांनी खेळाशी नाते टिकवता येते.

मुलांच्या बाबतीत जास्त सावध राहा. वाढत्या हाडांच्या टोकांना असलेल्या वाढीच्या पट्टीला इजा झाली तर हाड वाकडे किंवा आखूड राहू शकते. कन्कशनमधून बरे व्हायलाही मुलांना जास्त वेळ लागतो.

विमा तपासला का?

आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांत व्यावसायिक म्हणून केलेल्या साहसी खेळांचा खर्च वगळलेला आहे आणि त्या यादीत मोटर रेसिंगचे नाव आहे. हौशी शर्यत तुमच्या पॉलिसीत बसते का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. अपघात विम्याच्या अटी वेगळ्या असू शकतात. त्याही वाचा.

थोडक्यात

- शर्यत सोडणे म्हणजे हरणे नव्हे. वारंवार कन्कशन, न जुळलेले हाड, अस्थिर गुडघा किंवा न हटणारी भीती ही थांबण्याची ठोस कारणे आहेत.
- ऑफ-रोड रायडिंग हा चांगला पर्याय आहे, पण वेग कमी केला आणि सोबत घेतली तरच.
- परतायचे असो वा थांबायचे, निर्णय पूर्ण बरे झाल्यावर, अस्थिरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि घरच्यांशी बोलून घ्या.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या दुखापतीबाबत तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.